नीळ घातलेली चादर

गडबमध्ये मला सगळे पायलट म्हणतात आणि रोह्याच्या प्रविणलाही पायलटच म्हणतात. फरक एवढाच, की प्रविण रोज गाडी चालवतो. मामाची ट्रॅक्स, पेण ते रोहा, आत माणसं कोंबलेली, टपावर मासळीच्या टोपल्या. "पायलट, वडखळला थांबव रं," असं ओरडून बाया उतरतात, तेव्हा त्याच्या पँटच्या खिशात विमान चालवायचं खरंखुरं लायसन्स असतं. माझ्याकडेही तेच लायसन्स आहे, पण ट्रॅक्सवाला मामा नाही. त्यामुळे आमच्या दोघांत प्रविण नोकरीला लागलेला आणि मी बेकार.

आम्ही जुहूच्या फ्लाइंग क्लबात शिकायला लागलो तेव्हा देशात खाजगी विमान कंपन्यांचं पेव फुटलं होतं. पायलट पुरत नव्हते. आमच्या पुढच्या मुलांना परीक्षा संपायच्या आधीच बोलावणी आली. न्यायला-आणायला मोटार, मुक्कामाला हॉटेल, आणि पगार असा, की ऐकून बाबांनी हातातला चहा खाली ठेवला. नागोठण्याच्या कंपनीत आमची जमीन गेली होती, तिचे पैसे त्यांनी माझ्या शिक्षणात घातले. गावात बाकीच्यांनी त्या पैशांच्या गाड्या घेतल्या. त्या गाड्या हायवेवर पळतायत. मी दारात उभी.

कारण माझ्या हातात लायसन्स पडलं तोवर कंपन्या एकेक करून बसायला लागल्या होत्या. पहिल्या कंपनीने मला निवडलं, बाबांनी पेढे वाटले, आणि मला रुजू करून घ्यायच्या आत कंपनीनेच गाशा गुंडाळला. दुसरी म्हणाली, मोठ्या विमानाचं ट्रेनिंग स्वतःच्या खर्चाने परदेशात करून या, पाच वर्षं आम्हाला सोडणार नाही असं लिहून द्या, पगाराचं नंतर बघू. तिसरीने तर कमालच केली. सध्या विमानतळावर काउंटरला उभ्या राहा, बॅगा वजन करा, बोर्डिंग पास फाडून द्या. पुढेमागे जागा झाली तर विमानात बसवू. पुढेमागे म्हणजे कधी, असं विचारल्यावर साहेब नुसता हसला. त्या हसण्याची मला अजून चीड येते. वर म्हणाला, सोमवारपर्यंत कळवा, बाहेर रांग आहे. ते मात्र खरं होतं. रांगेत माझ्या मागे प्रविणच उभा होता.

"घे गो ती नोकरी," आई म्हणाली. "उभं तर उभं. मी काय पापड लाटताना झोपून लाटते?"

आई म्हणजे धोंडुबाई. पोह्याचे पापड करावेत तर तिनेच, असं पेणच्या बाजारात दुकानदार तोंडावर सांगतात, म्हणून ती त्यांच्या तोंडावर भाव वाढवते. उन्हाळ्यात आमच्या घरी चार-पाच बाया लाटायला येतात आणि मागच्या खळ्यात पांढऱ्या चादरींवर पापड वाळत पडतात. विमान या विषयावर आईचं मत पहिल्यापासून वाईट. मी शिकत होते तेव्हा बाबा एकदा जुहूला येऊन माझं उड्डाण बघून गेले. आई आली नाही. लाटायला कोण बसेल, म्हणाली.

पण काउंटरपेक्षा मोठी पंचाईत वेगळीच होती. आमचं लायसन्स नुसतं कपाटात ठेवून टिकत नाही. सहा महिन्यांत ठरलेले तास उडावंच लागतं, नाहीतर ते मरतं, मग पुन्हा परीक्षा, पुन्हा खर्च, पुन्हा सगळं पहिल्यापासून. नोकरी असेल तर तास आपोआप भरतात. नसेल तर विमान भाड्याने घ्या आणि स्वतःच्या पैशाने घिरट्या घाला. मी क्लबात लोकांची पडेल ती कामं करून बाकीचे तास कसेबसे जमवले होते. शेवटचा एक तास राहिला होता आणि मुदत त्याच रविवारी संपत होती. तो तास मिळाला नाही, तर सोमवारी मी मुकाट्याने काउंटरला जाऊन उभी राहणार होते. तसं मी आईला सांगूनही टाकलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि पापडाचं पीठ कुटायला लागली.

अशा वेळी शेजारचे शरीफचाचा धावून आले. चाचा कुवेतला असतात, मुलीच्या लग्नासाठी दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले होते. त्यांची सिदरा आणि मी एका बाकावर शिकलो. तिचं लग्न रोह्याच्या नोमानशी ठरलं होतं, आणि निकाह नेमका त्या रविवारी.

"मृणाली बेटा," चाचा ओट्यावर बसत म्हणाले, "तिकडं एका शेखच्या पोरीच्या लग्नात आसमानातनं गुलाब पडले. मी या डोळ्यांनी बघितलं. आपल्या गावात पायलट हाय, मग माझ्या सिदरानं काय गुना केला?"

"चाचा, विमानाचं भाडं..."

"ते माझ्यावर सोड. बँडवाला सांगणार हुतो, तो नको. तू बोल, येशील काय?"

येशील काय! मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. जुहूहून गडबला येऊन परत जायचं म्हणजे माझा तास भरून वर थोडा उरत होता. परवानग्या प्रविणने काढल्या. रोज पोलिसांशी बोलून बोलून त्याची जीभ त्या कामाला तयार झालेली आहे. फुलं टाकायला माझ्या शेजारी तोच बसणार होता, म्हणजे रोह्याचा एक माणूस विमानात असल्याने नवऱ्याकडचेही खूश.

प्रश्न होता तो वरून जागा ओळखायचा. आभाळातून सगळी कौलं सारखी दिसतात. मी सांगितलं, मांडवासमोरच्या शेतात एक मोठी पांढरी चादर पसरा, बाकी काम माझं. चाचा लगेच आमच्याच खळ्यात गेले, कारण एवढी मोठी चादर गावात दुसऱ्या कुणाकडे असणार? आईने आतून एक चादर काढून दिली.

"आनि धोंडुबाई," चाचा म्हणाले, "रविवारी दुपारपर्यंत तुमी पापड वाळत घालू नका हां. नायतर पोरगी फसंल."

"मी कशाला घालते?" आई म्हणाली.

चाचा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी घरोघरी फिरून सगळ्या बायांना हेच बजावलं. कुरडया नाहीत, फेण्या नाहीत, धोतरं नाहीत, रविवारी दुपारपर्यंत गावात पांढरं म्हणून काही उन्हात दिसता कामा नये. कुणी नाही म्हटलं नाही. सगळ्यांना विमान बघायचं होतं.

शुक्रवारी आई पेणला जाऊन आली. काय आणलं विचारलं तर "तुला काय कराचंय?" म्हणाली. शनिवारी मी मुंबईला गेले.

रविवारी हवा सुरेख होती. दोन माणसांचं छोटं विमान, मागे दादरच्या बाजारातून आणलेल्या गुलाबपाकळ्यांची दोन पोती. सगळं विमान अत्तराच्या दुकानासारखं घमघमत होतं. प्रविणने गोल टोपी घातली होती, कारण मामाने फोटो काढायला सांगितला होता. खाडी ओलांडली, मिठागरांचे चौकोन दिसले, मग पेण, मग रेल्वेचा रूळ धरून आम्ही दक्षिणेला निघालो. हायवेवरून एक ट्रॅक्स चालली होती. प्रविणने खिडकीतून तिच्याकडे असं पाहिलं, की मला हसू आवरेना.

"कासू स्टेशन," तो म्हणाला. "पुढं गेलीस. मागं फिर."

मी वळसा घेतला आणि गडब दिसलं. चाचांची मेहनत फळाला आली होती. गावभर पांढरं काहीही नव्हतं, फक्त एके ठिकाणी एक चादर अशी झळकत होती, की डोळे दिपावेत. मी खाडीकडच्या वाऱ्याचा अंदाज घेतला, ठरवून दिलेल्या उंचीवर आले आणि ओरडले, "टाक!"

प्रविणने खिडकीतून पोतं बाहेर उपडं केलं. निम्म्या पाकळ्या वाऱ्याबरोबर परत आत आल्या. माझ्या तोंडात गुलाब, प्रविणच्या टोपीत गुलाब, समोरच्या घड्याळांच्या काचांवर गुलाब. बाकीच्या मात्र खाली गेल्या, आणि मी वळून बघितलं तर काय छान गेल्या होत्या! लाल ढग हलकेच उतरत थेट चादरीवर.

तेवढ्यात प्रविण म्हणाला, "मृणाली, माणसं पळतायत का?"

खाली मांडवातून माणसं निघून घरांच्या मागच्या बाजूला धावत होती. आणि मांडवासमोरच्या शेतात एक माणूस अंगातला कोट काढून डोक्यावर गरागरा फिरवत होता. ते शरीफचाचा. त्यांच्या पायाशी एक चादर होती. जुनी, पिवळट, वरून शेताच्याच रंगाची. झळकणारी चादर आमच्या खळ्यात होती. मी सिदराच्या लग्नाची फुलं आईच्या पापडांवर टाकली होती.

"दुसरं पोतं," मी दात आवळून म्हटलं, "मी सांगितल्याशिवाय हलवायचं नाही."

या खेपेला मी कोटाकडे बघत आले. पाकळ्या मांडवावर पडल्या, बँडवाल्याच्या जागी उभ्या असलेल्या सनईवाल्यावर पडल्या, आणि सिदराने नंतर सांगितलं, की काही थेट तिच्या ओढणीत पडल्या. परत जुहूला उतरले तेव्हा तास भरला होता. लायसन्स जगलं. पण आनंद करायला मन होईना. बायांनी दिवसभर लाटलेले पापड, पेणच्या दुकानदाराचं बोलणं, आणि वर आईचं तोंड. एसटीने गडबला येईपर्यंत मी मनात तिच्या शिव्यांची तयारी करत होते.

संध्याकाळी उतरले तर वरात रोह्याला निघायच्या तयारीत होती. चाचांनी मला सगळ्यांसमोर मिठीत घेतलं. मला वाटलं, आता माफी मागावी. पण सिदराची आई आमनाचाची पुढे आल्या आणि रोह्याच्या पाहुण्यांना सांगायला लागल्या, "ही बघा आमची मृणाली. पयली फुलं आईच्या दारात टाकली, मंग माझ्या सिदराला. पोरीनं असंच करावं गो."

"मी काय बोललो?" चाचा म्हणाले. "आईचा हक पयला. मी उगीच कोट फिरवत हुतो."

गावाने माझी चूक परस्पर पुण्यात जमा करून टाकली होती. आता मीच ती उकरून काढण्यात अर्थ नव्हता. पण आईला तर खरं सांगायला हवं होतं, म्हणून सिदराला निरोप देऊन मी मागच्या दाराने खळ्यात गेले.

आई चादरीशी बसली होती. सुपात पाकळ्या घेऊन पाखडत होती, तांदूळ पाखडावेत तशा. धूळ एका बाजूला, गुलाब दुसऱ्या बाजूला.

"आई, किती पापड वाया गेले?"

"कसले पापड?"

मी चादरीकडे बघितलं. पाकळ्यांखाली नुसती चादर होती. पापडाचा एक तुकडा नाही, तेलाचा एक डाग नाही. पांढरीशुभ्र, कडक, नीळ घातलेली.

"पापड कुठायत?"

"आज लाटलेच नाय. शरीफभायनं सांगितलं हुतं ना, वाळत घालू नका म्हनून."

"मग ही चादर?"

"धुतली, वाळत टाकली." ती सूप हलवत राहिली. "चादर वाळत टाकाची नाय असं कोन बोललं?"

धुतलेली चादर आमच्याकडे दोरीवर वाळते. ही खळ्याच्या मधोमध पसरलेली होती, चारही बाजूंनी ताणून, आणि चार कोपऱ्यांवर पापड कुटायचा बत्ता, पाटा, वरवंटा आणि पाण्याचा हंडा ठेवलेला होता. चाचांना दिलेली पिवळट चादर मला आठवली. शुक्रवारची पेणची फेरी आठवली. जुहूला कधी न आलेली ही बाई आज खळ्यात उभी राहून वर बघत होती आणि मी तिच्या बरोबर डोक्यावर होते. मला एकदम रडूच आलं. मी पाकळ्या उचलायच्या निमित्ताने खाली बसले.

"आई, मला वाटलं हीच मांडवातली चादर. मी चुकून..."

"ठावं हाय," ती म्हणाली. "गावात सांगू नको."

थोडा वेळ आम्ही दोघी पाकळ्या निवडत राहिलो. पुढच्या बाजूला वरातीच्या गाड्या सुरू झाल्या. त्यातला एक भोंगा मामाने आणलेल्या ट्रॅक्सचा होता, माझ्याबरोबर परत आलेला प्रविण पुन्हा तिच्यावर बसला होता.

"त्या काउंटरवाल्यांना उद्या काय सांगनार?" तिने विचारलं.

"तूच म्हणालीस ना, घे म्हणून."

"तवा मी तुला वर बगितलं नवतं." तिने सूप खाली ठेवलं. "नको सांग त्यांना. पास फाडाला दुसरी कोन पन मिलंल. परत सहा म्हयन्यांनी तास लागतील ना तुला?"

"लागतील. पण आता कुणाचं लग्न आहे गावात?"

"ते मी बगते," आई म्हणाली. "तू फकस्त दिवस आदी सांगत जा. नीळ आनाला पेणला जावं लागतं."