नक्षीदार वाण

चिलेंगसरच्या भात संशोधन केंद्रात साठ माणसं कामाला होती. त्यांतल्या एकोणसाठ जणांचं काम भात जगवायचं आणि एकटीचं काम भात आजारी पाडायचं. ती एकटी म्हणजे बू एती. तिथं बाईला मानानं ‘बू’ किंवा ‘इबू’ म्हणतात आणि पुरुषाला ‘पाक’.

लोक कोंबड्या पाळतात, बकऱ्या पाळतात. बू एतीनं एकोणीस वर्षं करपा पाळला. मागच्या हंगामातला करपलेला पेंढा ती माळ्यावर कोरडा जपून ठेवायची. चाचणीचे वाफे उगवले की तो बारीक तोडून रोपांवर पसरायचा, संध्याकाळी पाण्याचा फवारा मारायचा, वर प्लास्टिक अंथरायचं आणि रोगाला पाहुण्यासारखं निजवायचं. वाफ्याच्या कडेनं ती एक जुनं, नाजूक वाण लावायची. वारा बदलला तरी ते करपायचं. त्याला ती ‘लाडकी’ म्हणायची. लाडकी मेली म्हणजे रोग नीट लागला, असा हिशोब. मग मधल्या नव्या वाणांकडे बघायचं, कोण टिकलं आणि कोण गेलं, आणि शून्य ते नऊ गुण द्यायचे. या शाळेत शून्यवाला पहिला यायचा आणि नऊवाला पेंढ्यात जायचा.

एकोणीस वर्षं झाली तरी बू एती रोजंदारीवरच होती. कायम करण्याचा कागद दर वर्षी बांडुंगच्या कचेरीत जायचा आणि वाटेत कुठंतरी मुक्काम करायचा.

केंद्राच्या दिवाणखान्यात चार माजी संचालकांचे फोटो होते. एकेकाच्या खाली त्यानं काढलेल्या वाणाचं नाव: चिलेंगसर एक, दोन, तीन, चार. चारही वाणं करप्याला दाद न देणारी म्हणून वाजतगाजत निघाली आणि चारही तिसऱ्या वर्षी करप्यानं खाल्ली. पण चारही साहेब दुसऱ्याच वर्षी बढती घेऊन जकार्ताला पोचले होते. करप्याला तीन वर्षं लागतात आणि बढतीला दोन, हे ज्याला वेळेवर कळतं तोच संचालक होतो.

वाण का पडतं, हे बू एती नव्या मजूर बायकांना भाकरीच्या, म्हणजे तिथल्या भाताच्या, सुट्टीत सांगायची. “रोपाच्या दारात एक राखणदार असतो. त्याला चोराचं तोंड नाही ओळखता येत, टोपी तेवढी ओळखता येते. टोपी दिसली की हा बोंब मारतो आणि रोप दारं लावून घेतं. आता लाख चोरांत एखादा बिनटोपीचा निपजतोच. तो राखणदारासमोरून हात हलवत आत जातो. आणि आपली हुशारी बघा, सगळ्या खोऱ्यात एकाच घराण्यातला राखणदार ठेवतो. एकाला फसवलं की झालं, हजार घरं मोकळी.”

पाचवे संचालक डॉक्टर कुसवारा. त्यांचा जीव एकशे सतरा नंबरच्या वाणावर होता, कारण तेच चिलेंगसर पाच होणार होतं. मागच्या हंगामात त्या वाणाच्या दोन रोपांवर बू एतीला डाग दिसले होते. डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. तिनं ती पानं डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

“दोनच रोपं ना, बू?” डॉक्टर म्हणाले.

“बिनटोपीचा आला, पाक. येताना दोघंच येतात.”

“दोन म्हणजे काही नव्हे.” डॉक्टरांनी पानं टोपलीत टाकली. बू एतीनं ती दुपारी टोपलीतून काढली आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात वेगळी ठेवली.

या हंगामातली चाचणी शेवटची. एकशे सतरा पास झालं की प्रमाणपत्र, आणि पाठोपाठ खोऱ्यातल्या प्रत्येक गावाला बी. त्यात बू एतीचं गावही होतं आणि तिच्या नवऱ्याचं, दायातचं, डोंगरउतारावरचं शेतही होतं. नवऱ्याला ती मानानं ‘कांग’ म्हणायची.

नेमकं तेव्हाच भाचीचं लग्न निघालं. बू एती सहा दिवस तासिकमालायाला गेली. इकडे जकार्ताहून निरोप आला की खुद्द महासंचालक येणार. त्यांना सगळे नुसते ‘बापाक’ म्हणायचे. डॉक्टरांनी मुकादम एंदांगला बोलावून सांगितलं, “रस्त्यावरून कुठं तपकिरी पान दिसता कामा नये. बापाकना हिरवं आवडतं.”

सातव्या दिवशी बू एती फाटकातून आत आली आणि तिच्या नाकाला औषधाचा वास आला. तिनं पिशवी तिथंच टाकली आणि वाफ्यांकडे धावली. पाचशे वाणं हिरवीगार डोलत होती. कडेला लाडकीही उभी होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती एवढी मोठी झालेली बू एती बघत होती.

“पाक एंदांग, काय केलंत हे?”

“दोनदा फवारलं. भारीतलं,” एंदांग खुशीत म्हणाला. “तुमच्या वाफ्याची तर दशाच झाली होती, बू. सगळीकडे डाग. तुम्ही येऊन रडू नये म्हणून आधी तुमचाच वाफा घेतला.”

त्याला काय बोलणार? त्यानं बिचाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा न सांगता जास्तीचं काम केलं होतं.

डॉक्टर कुसवारा मात्र वाफ्याच्या बांधावर उभे राहून पाघळले होते. “पाचशेच्या पाचशे निरोगी. केंद्राच्या इतिहासात असा निकाल नाही.”

“पाक, जिनं मरायचं तीसुद्धा मेली नाही. मग ही परीक्षाच झाली नाही.”

“तुम्ही नेहमी वाईटच बघता, बू.” डॉक्टरांनी गुणांचा तक्ता पुढे केला. “एकशे सतराला एक गुण लिहा. लाडकीला लिहा नऊ.”

“ती हिरवी आहे.”

“दर वर्षी मरते ना? मग नेहमीसारखं लिहा. आणि हे बघा, तुमचा कायम करण्याचा कागद या वेळी बापाकच्या हातात मी स्वतः देणार आहे.”

एकोणीस वर्षं बू एती त्या कागदाची वाट बघत होती. नमाजानंतर तिनं देवाकडे जेवढ्या वेळा तो मागितला, तेवढ्या वेळा दुसरं काहीच मागितलं नव्हतं. तरी ती म्हणाली, “उभ्या रोपाला मेलं नाही लिहायची मी.”

“हरकत नाही,” डॉक्टर शांतपणे म्हणाले आणि त्यांनी स्वतःच लिहिलं. “रोजंदारीवाल्याच्या सहीला तशी किंमत काय? तुम्ही मंडपातल्या कुंड्या तेवढ्या बघा. बारा कुंड्या, एकशे सतराच्या, व्यासपीठासमोर. दहा दिवस आहेत.”

त्या बारा कुंड्या बू एतीनं घरी नेल्या आणि परसात मांडल्या. मग बिस्किटांचा डबा काढला. पानं चुरली, रोपांवर पसरली, पाणी शिंपडलं, प्लास्टिक टाकलं. सहाव्या दिवशी पानापानावर डोळे उघडले. तिनं सगळ्या कुंड्या बघितल्या. एकही सुटली नव्हती. वाफ्यात जी परीक्षा झाली नाही ती परसात झाली होती आणि एकशे सतरा सपशेल नापास झालं होतं.

“ह्या अशाच नेऊन ठेवणार,” ती नवऱ्याला म्हणाली. “बापाक विचारतीलच. मग सगळ्यांसमोर सांगेन.”

दायात मिरच्या निवडत होता. “सांग. पण आधी कायम हो, मग सांग.”

“कायम झालेला माणूस बोलताना पाहिलाय का तुम्ही, कांग?”

दायातनं जरा विचार केला. त्याला एकही आठवला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात पिवळ्या भाताचा हा एवढा तुंपेंग मांडला होता. भाताचा डोंगरच, शेंड्यावर लाल मिरचीचं फूल. पाहुण्यानं शेंडा कापायचा आणि त्या दिवशीच्या सर्वांत मानाच्या माणसाला स्वतःच्या हातानं द्यायचा, मग त्या माणसानं तो तिथंच, सर्वांदेखत खायचा, ही रीत. शेंडा कुणाला मिळणार हे डॉक्टरांना आठवडाभर आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी सकाळी नाश्तासुद्धा केला नव्हता. कुंड्या बू एतीनं अगदी शेवटच्या घटकेला आणून मांडल्या, त्यामुळे त्या कुणी जवळून बघितल्याच नव्हत्या.

बापाकनी शेंडा कापला, बशीत घेतला आणि त्यांची नजर कुंड्यांवर गेली. “ही रोपं कुणी वाढवली?”

डॉक्टरांनी नाइलाजानं बू एतीकडे बोट दाखवलं. बापाक व्यासपीठावरून उतरले, फोटोवाले मागोमाग उतरले. “साहेबांना तर रोजच मान मिळतो,” बापाक कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. “आजचा मान या माउलीचा. घ्या, इबू.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बू एतीला रडू फुटायचंच बाकी होतं. एकोणीस वर्षांत केंद्रात कुणी तिला उरलेला चहासुद्धा हातात दिला नव्हता. तिनं बशी कपाळाला लावली आणि तो मुठीएवढा शेंडा मिरचीसकट तोंडात घातला.

आणि तेव्हाच बापाक कुंडीवर वाकले. “ही पानांवर नक्षी कसली?”

डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बू एतीकडे पाहिलं. बू एतीचे दोन्ही गाल फुगलेले होते. तिनं एक हात वर केला, म्हणजे थांबा, सांगते. बापाकना वाटलं, बाई आभार मानतेय.

“ही...” डॉक्टर म्हणाले, “ही या वाणाची ओळख आहे, बापाक.”

“बाटिकच्या कापडासारखी दिसते.”

“अगदी. खास आपली नक्षी. अस्सल वाण आणि बनावट वाण यांतला फरक शेतकऱ्याला बघताक्षणी कळावा, म्हणून.”

“सुंदर,” बापाक म्हणाले. “हे प्रमाणपत्रात लिहा. आणि या इबूंना कायम करा.”

टाळ्या पुन्हा वाजल्या. बू एती चावत होती. मिरची तिखट होती, भात चिकट होता, हे सगळं खरं. पण तो घास गिळायला तेवढा वेळ लागत नाही, हेही खरं. तिनं तो सावकाश चावला. गिळून झाला तोवर सह्या झाल्या होत्या आणि बापाकची गाडी सुरू झाली होती.

कायमचा कागद तेराव्या दिवशी आला. डॉक्टर कुसवारा तीन महिन्यांत जकार्ताला गेले. या वेळी बढतीनं दोन वर्षंसुद्धा घेतली नाहीत.

बी खोऱ्यात वाटलं गेलं. बू एतीनं घरी हट्ट धरला आणि दायातनं तीन जुनी वाणं एकत्र मिसळून पेरली. महिन्याभरात गावातल्या शेतांवर नक्षी उठली. लोक प्रमाणपत्राचा कागद घेऊन बांधावर उभे राहत आणि पानं ताडून बघत. ज्याच्या शेतात डाग जास्त त्याची छाती पुढे. दोघातिघांची शेतं उशिरापर्यंत हिरवी राहिली, तर ते बनावट बी दिलं म्हणून केंद्रावर भांडायला गेले. बू एती दारोदार जाऊन सांगत होती, हा करपा आहे, औषध मारा. बायका तिच्या तोंडावर हसायच्या. शेजारची उकाह तिला ‘तेह’, म्हणजे ताई, म्हणायची; तीसुद्धा म्हणाली, “तेह एती, तुमचं शेत साधं राहिलं म्हणून आमच्या नक्षीवर का जळता?”

मग लोंब्या बाहेर आल्या. रोग पानांवरून लोंबीच्या मानेत उतरला. खोरंच्या खोरं पांढरं झालं. उभ्या लोंब्या, आत दाणा नाही. दायातच्या शेतातलं एक वाण गेलं, दोन तरली.

कापणीनंतर उकाह रिकामी टोपली घेऊन आली आणि ओट्यावर बसली. बू एती आत गेली, तांदळाची कोठी उघडली आणि टोपली भरू लागली. उकाह तिच्या हाताकडे बघत राहिली.

“तेह, त्या दिवशी तुम्ही मंडपात होतात ना? अगदी बापाकच्या समोर?”

“होते.”

“तुम्हाला तर ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत?”

बू एतीनं टोपली काठोकाठ भरली, वर आणखी दोन ओंजळी टाकल्या आणि ती तिच्याकडे सरकवली.

“माझ्या तोंडात भात होता,” ती म्हणाली.