आधी बी तपासा

सकाळीच सासूबाईंनी पुन्हा ती वाटी पुढं केली आन् माझं टाळकंच फिरलं. दुधात उगाळलेली मुळी! लगीन झाल्यापासून लेकरासाठी काय काय ढोसलं म्हणून सांगू? एकदा तर दिवसभर ओकत राह्यले.

"पी गं दैवशाला," सासूबाई म्हणल्या. "आपल्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्याचं हाये. रामकिसनबाबाच्या बायकांनीबी घेतल्ती."

रामकिसनबाबा म्हंजे माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा. त्यांची गोष्ट साऱ्या पिंपळगावाला ठावं. पहिलीला लेकरू झालं न्हाई, तर तिला मुळ्या पाजल्या, उपास घडवले, शेवटी तापल्या इळ्यानं पोटावर डाग दिले. मंग दुसरी आणली. तिलाबी तेच. मंग तिसरी! त्या काळचं औषध म्हणा का सजा म्हणा, सारं बाईच्याच अंगावर. शेवटी भावकीतला पोरगा दत्तक घेतला. आजचं हे सारं घर त्या दत्तकाचं.

"आत्याबाई, एक सांगा. तिन्ही बायका वांझ आन् बाबा तेवढे बराबर?"

"जीभ आवर!"

"माझ्या तपासण्या भोकरदनला झाल्या, बिलकुल साफ निघाल्या. आता ह्यांची होईस्तवर मी एक थेंब घेणार न्हाई."

माझा नवरा आदिनाथ ओट्यावर बसून चपलेचा बंद ओढून राह्यल्ता. तपासणी म्हणलं की ह्याला काम आठवतं. मला त्याचा राग येत होता आन् कीवबी.

"गावात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई," तो खाली मान घालून म्हणला.

"माझं तोंड रोज बघतंय की गाव! ओटी भरायला मला कोणी बोलवीत न्हाई, तवा तुमी कुठं असता?"

अंगणात सासरे, भुजंगराव, ओलं गोणपाट उलगडून बसले होते. घरचं सोयाबीन पेरणीआधी असं गुंडाळून ठेवायचं, किती दाण्यांना मोड येतात ते बघायचं, मंगच वावरात टाकायचं. सासऱ्याशी असलं बोलायची रीत न्हाई. तरी मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राह्यले.

"मामा, हे न तपासता पेरलं आन् उगवलंच न्हाई, तर वावराला डाग द्याल का?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मामांनी गोणपाट गुंडाळून बाजूला ठेवलं. मंग घसा खाकरून लेकाला म्हणले, "आदिनाथ, कपडे बदल. हिला घेऊन जालन्याला जा."

"बाबा, तुमीबी..."

"जल्दी कर. गाडी निघून जाईल."

जालन्यात तपासणीच्या जागी ही गर्दी! आदिनाथ सारखा दाराकडं बघत होता. मला वाटलं, हा आता पळतो. मनातून मीबी भ्यालेच होते, पण तपासणी केल्याबिगर परतायचं न्हाई हे पक्कं होतं. खिडकीतल्या पोरीनं मान वर न करता मलाच विचारलं, "पेशंट तुम्ही ना? नाव सांगा."

मी तोंड उघडायच्या आत आदिनाथ पुढं सरकला. आवाज कापत होता, पण मागच्या बाकापर्यंत गेला.

"ती न्हाई. पेशंट मी हाये."