संध्याकाळचे वर्ग

विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून निवडून आल्यापासून आमच्या नातवाचे पाय जमिनीला लागत नाहीत. विद्यापीठाच्या बैठकीहून आला, तो तिथल्या मऊ खुर्च्यांचंच कौतुक सांगत बसला. संध्याकाळचे वर्ग बंद करायचं घाटतंय, उद्या पक्कं ठरणार, आणि हा नुसता मान हलवून आला!

त्याची आई, माझी लेक, दिवसभर शिवणकाम करून त्याच वर्गांत शिकली. तीही मुलांची पुढारी होती. तेव्हाही वर्ग बंद पडणार होते. बैठकभर उभी राहून भांडली आणि वाचवले तिने. घसा बसलेली ती पोर दारात कशी हसत होती, अजून डोळ्यांसमोर आहे.

“आजी, मोठी माणसं असतात गं तिथे.”

“तेव्हाही होती. पोरांनी तुला बोलायला पाठवलंय. उद्या तोंड उघडणार नसशील, तर आजच पद सोड.”