पाच व्होल्टांचा खोटारडा

मी फ्रान्सिसचा मल्टिमीटर बोलतोय. हल्लीचा, आकडे चमकवणारा नव्हे, जुना, काट्याचा. पोटावर काच, काचेआड सडपातळ काटा, खाली फिरवायची कळ आणि दोन लांब वायरी, एक लाल, एक काळी. तेच माझे हात. ते ज्या दोन जागी टेकवाल, त्या दोन जागांमध्ये किती व्होल्ट आहेत ते मी सांगतो. मला एवढंच येतं, पण जे येतं ते चोख येतं. म्हणूनच गेल्या महिन्यात मला कुणी खोटारडा म्हटलं, ते मनाला फार लागलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म जपानचा. अठ्ठ्याऐंशी साली कोबे बंदरातल्या एका दुकानातून फ्रान्सिसनं मला उचललं. तो तेव्हा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून नुकताच लागला होता, मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. त्यानं माझ्यासाठी जाड कापडाची पिशवी शिवून घेतली आणि पुढची तीस वर्षं आम्ही दोघांनी समुद्र पालथा घातला. इंजिन रूमच्या उकाड्यात घाम त्याला यायचा आणि काच माझी धूसर व्हायची.

माझ्या काट्यामागे आरशाची एक बारीक पट्टी आहे. एक डोळा मिटून अगदी समोरून बघायचं. काटा आणि आरशातला काटा एकावर एक आले की आकडा वाचायचा. बाजूनं पाहिलं तर आकडा सरकतो. माणसांना मात्र बाजूनंच बघायची भारी हौस. मनात जो आकडा असतो तो दिसेपर्यंत मान कलती करतात, आणि नंतर खापर आमच्यावर फोडतात.

निवृत्त होऊन फ्रान्सिस मालवणजवळच्या आपल्या घरी आला, मीही आलो. त्यानं एक मोटारसायकल घेतली. तिला किक नाही, नुसता सेल्फ. बटण दाबलं की सुरू. गाडी कधी कुरकुरली तर तो कुठल्याही गॅरेजला नेऊ द्यायचा नाही. "घरात इलेक्ट्रिशन आसताना भायरचो मेकॅनिक कित्याक?" असं म्हणून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पोतं अंथरायचा, मला शेजारी बसवायचा आणि कामाला लागायचा. ते माझे फार सुखाचे दिवस होते.

गाडी खरी वापरायची ती त्याची लेक जॉयसी. ती सान्नां करते. माडाच्या सुरेनं आंबवलेली, वाफेवर फुललेली, इडलीची गुबगुबीत बहीण म्हणा ना. तारकर्लीला सुशीलाबाईंचं होमस्टे आहे. तिथल्या पाहुण्यांच्या न्याहारीला रोज सकाळी साडेसातला जॉयसीची सान्नां पोचायची. तिचं तेवढं एकच मोठं गिऱ्हाईक, आणि ते तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं.

ऑक्टोबरात, पर्यटकांची वर्दळ सुरू व्हायच्या आधी, फ्रान्सिसनं गाडी खोलली. खाऱ्या वाऱ्यानं सांगाड्याला गंज धरला होता. तो खरवडून त्यानं होडीचा उरलेला हिरवा रंग दोन हात दिला. गाडी नव्या नवरीसारखी दिसायला लागली आणि त्याच आठवड्यापासून रुसायलाही लागली. दिवे लागत, हॉर्न वाजे, पण बटण दाबलं की नुसतं टक्. दमट सकाळी तर हमखास. मग वाळूतून ढकलत ढकलत, शेजारपाजारच्यांना हाका मारत गाडी सुरू करायची, आणि सान्नांचा डबा आठ-सव्वाआठला पोचायचा.

फ्रान्सिसनं कणकवलीहून नवी बॅटरी आणली. प्लग बदलला. गाडीचं टक् काही थांबलं नाही.

एका शनिवारी सुशीलाबाईंचा फोन आला. जॉयसीनं तो स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच ऐकला. "गो जॉयसी, तुझी सान्नां माका आवडतत. पण पावणे उपाशी बसान माझ्या तोंडाकडे बघतत. उद्या ऐतवार, वीस माणसा आसत. उद्या उशीर झालो तर सोमवारपासून मी दुसऱ्याक सांगतलंय."

जॉयसीनं फोन ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. फ्रान्सिस ते पाहून जास्तच घाईला आला. माझा काळा हात त्यानं बॅटरीच्या मायनसवर टेकवला, लाल हात इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि बटण दाबलं. माझा काटा टुणकन उडून पाचवर जाऊन थांबला.

"पाच?" फ्रान्सिस ओरडला. "बॅटरीचो मायनस गाडीच्या अंगाक जोडलेलो आसता. दोनय बाजू एकच. हयसर शून्य येवक होया!"

त्यानं मान डावीकडे कलवून पाहिलं, उजवीकडे कलवून पाहिलं. मला दोन टपल्या मारल्या. मी पाचच सांगितलं, कारण पाचच होते.

"मीटर म्हातारो झालो. खोटारडो साला!" असं म्हणून त्यानं मला भंगाराच्या गोणीत टाकलं. पस्तीस वर्षांचा संसार, आणि निरोप असा! मला रडू आलं असतं, पण आमच्यात ती सोय नाही.

मला बाहेर काढलं ते जॉयसीनं. ती आत गेली, टॉर्चमधला नवा सेल घेऊन आली आणि माझे दोन्ही हात त्याच्या दोन टोकांना लावले. एक डोळा मिटला, अगदी समोरून पाहिलं. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून शिकलेली होती ती.

"पप्पा, सेलार बरोबर दीड दाखयता. सेलार खरा बोलता, मगे गाडीरच कित्याक खोटा बोलात?"

"तुका काय कळता त्यातला?" फ्रान्सिस पुटपुटला.

"माका कळणा नाय, म्हणानच तर विचारतंय. तुमी बटण दाबा."

आता ती माझा लाल हात एकेक पाऊल पुढे सरकवत निघाली. काळा हात पुन्हा मायनसवर. लाल आधी मायनसपासून निघणाऱ्या काळ्या केबलच्या पलीकडच्या टोकावर. बटण दाबलं, शून्य. म्हणजे केबल चांगली. मग ते टोक जिथं बोल्टनं गाडीला बसवतात, तिथल्या सांगाड्यावर तिनं चाकूनं थोडा रंग खरवडला आणि हात तिथं टेकवला. बटण दाबलं, पाच! अर्ध्या बोटाच्या अंतरात पाच व्होल्ट गडप होत होते.

जॉयसीनं बोल्ट काढला. टोकाखाली होडीच्या हिरव्या रंगाचा जाड थर, आणि त्यावर व्यवस्थित कापून बसवलेली रबराची चकती. बोल्टाच्या आट्यांतून कसाबसा दिव्यापुरता, हॉर्नपुरता करंट झिरपत होता. सेल्फला त्यात काय होणार?

"हो रबर कोणी घातलो?" जॉयसीनं विचारलं.

फ्रान्सिसनं ती चकती उचलून बोटांत फिरवली.

"मी," फ्रान्सिस म्हणाला.

"कित्याक?"

"गो, जहाजार अर्थ, ह्यो विजेचो अर्थ, म्हणजे वैरी. वायर खंय जहाजाच्या अंगाक लागली की अर्थ झालो म्हणतत, लाल दिवो पेटता, आणि आमी रातदिस तो अर्थ शोधून काडतंव. तीस वर्षां तेच केलंय मी. रंग देताना ही वायर उघड्या लोखंडाक लागलेली दिसली. हातानच रबर घातलो. डोक्याक विचारूकच नाय." तो थांबला. "गाडीक तोच अर्थ होयो आसता, करंट तिच्या अंगातसूनच परत येता. माका म्हायत होता गो. माका म्हायत होता."

जॉयसीला हसू आवरेना. "म्हणजे गाडीचो अर्थ तुमीच काडलास, आणि वर मीटराक खोटारडो म्हणतास!"

फ्रान्सिसही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग दोघांनी रंग खरवडला, लोखंड लखलखीत केलं, रबर फेकून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीसचं बोट फिरवलं. माझे हात पुन्हा पहिल्या जागी लागले. बटण दाबलं. माझा काटा जागचा जेमतेम हलला, आणि इंजिन एका दमात धडधडायला लागलं. काटा न हलण्यात एवढा आनंद असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली. सान्नांचा डबा मांडीवर घेऊन फ्रान्सिस मागे बसला आणि मला गळ्यात अडकवलं, वाटेत लागलो तर असावा म्हणून. तारकर्लीला सात वाजून वीस मिनिटांनी पोचलो. सुशीलाबाई अंगणात होत्या, पाहुणे चहा पीत होते. त्या सगळ्यांसमोर फ्रान्सिस गाडीवरून उतरला.

"सुशीलाबाय, आजपासून उशीर होवचो नाय. जॉयसीची कायच चूक नव्हती. गाडी मी बिघडवलंय." आणि त्यानं रबराची सगळी हकीकत, काहीही न लपवता, सांगून टाकली. मी त्याच्याबरोबर किती कप्तान पाहिले, किती भांडणं ऐकली, पण 'चूक माझी' हे शब्द त्याच्या तोंडून तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

सुशीलाबाईंनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला. "बरा झाला काकानू, सांगलास ता. सोमवारपासून चाळीस सान्नां धाडा. पण आमच्या इन्व्हर्टराक तेवढो हात लावू नकात हां, नायतर तेचोय अर्थ काडशात!" पाहुण्यांना नीटसं कळलं नाही, पण हसले तेही.

आता माझा मुक्काम स्वयंपाकघरातल्या फळीवर, जॉयसीच्या हाताशी असतो. वाफेनं अधूनमधून काच धूसर होते, पण तक्रार नाही. फ्रान्सिसला मी हवा असलो तर तो आता "जॉयसी, मीटर दी गो" असं विचारून नेतो. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल आणि त्याचा आकडा तुम्हाला पटला नाही, तर त्याला टपल्या मारू नका. आधी एखादा चांगला सेल दाखवून त्याची परीक्षा घ्या. त्यात तो उतरला, तर मग निमूटपणे त्याचं ऐका.

त्या रविवारी तारकर्लीहून परतल्यावर फ्रान्सिस मला घेऊन खळ्यातल्या पायरीवर बसला. सदऱ्याच्या टोकानं त्यानं माझी काच पुसली आणि कुणी ऐकत नाही ना हे बघून हळूच म्हणाला, "सॉरी रे."

माझे दोन्ही हात तेव्हा मोकळे लोंबत होते आणि काटा शून्यावर होता. उभ्या आयुष्यात मी खोटा आकडा दाखवला तो तेवढाच.