घंगाळात उकळलेल्या शेंगा

घेवड्याच्या शेंगा बरणीत भरून ठेवायच्या असतील तर प्रेशरच्या कुकरशिवाय भरू नका, हे मी दर उन्हाळ्यात चर्चच्या तळघरात बायकांना बरण्या भरायला शिकवताना घसा फोडून सांगते. लोणचं, जॅम नुसत्या उकळत्या पाण्यात भरलेलं चालतं. शेंगांत आंबट काही नसतं, म्हणून बंद बरणीत विष धरतं, आणि त्या विषाला बरेचदा वासही नसतो, चवही नसते. दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, वर्लीनमावशी, आमची आजी अंगणात घंगाळात उकळायची, कुणी मेलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आमच्या या केंटकीच्या खोऱ्यात प्रत्येकाची आजी अमर आहे.

एका वर्षी शिकवणं संपून सगळ्या जणी गेल्यावर ट्रेसा नेपियर मागे रेंगाळली. डावा हात प्लास्टरमध्ये होता. पायरीवरून पडले, म्हणाली. मी तिचं घर पाहिलंय, तिथे पडण्याइतकी पायरीच नाही. तिने खुर्च्या उचलायचं निमित्त केलं आणि हळूच विचारलं की विषाला खरंच वास नसतो का, आणि झाकण फुगलं असेल तर ती बरणी नक्कीच वाईट का. तिच्या नवऱ्याला, रॉइसला, सगळं खोरं ओळखून होतं. मला आडून आडून बोलता येत नाही, म्हणून मी सरळच विचारलं, "त्याला खायला घालायचा विचार आहे का?"

"नाही मावशी," ती म्हणाली. "पहिला घास तो मला खायला लावतो. एकदा शेंगा करपल्या होत्या ना, तेव्हापासून."

मग ती खुर्चीवर बसली आणि सगळं सांगत सुटली. मागच्या उन्हाळ्यात रॉइसने रागाच्या भरात तिचा कुकर अंगणात भिरकावला आणि प्रेशर दाखवणारा काटा फुटला. नवा आणायला त्याने नकार दिला, शेंगा मात्र भरायला लावल्या, त्याच्या आईसारख्या, घंगाळात. आता त्या बरण्यांची झाकणं एकेक करून फुगायला लागली होती. एक बरणी तिने गुपचूप परसात पुरली. त्याला कळलं. अन्नाची नासाडी केली म्हणून त्याने तिचा हात टेबलाच्या कडेवर आडवा धरला आणि वरून गुडघ्याने दाबून मोडला. आवाज चढवला नाही, की शिवी दिली नाही. हाड मोडल्यावर हात धुऊन जेवायला बसला. आता रविवारच्या जेवणाला त्याच शेंगा कर, असं त्याने तिला बजावलं होतं. बरण्या टाकल्या तर दुसरा हात जाणार होता, नाही टाकल्या तर पहिला घास तिचाच होता.

घर सोड, मी म्हटलं. तर म्हणाली, कुठे जाऊ, तो ओहायोपर्यंत माग काढत येईल. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तिच्यावर चिडून काय उपयोग? मी सांगितलं, उद्या मी येते, बरण्या मी नेते, वर्लीनमावशीने उचलून नेल्या म्हणून सांग. माझ्याशी भांडायला त्याला माझ्या दारात यावं लागेल आणि मी त्याला भीत नाही. आता वाटतं, थोडं भ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रॉइस लाकडाच्या गिरणीत गेल्यावर मी रबरी हातमोजे, जाड पिशव्या आणि ब्लीच घेऊन गेले. फुगलेली बरणी उघडायची नाही, न हलवता दोन पिशव्यांत गुंडाळायची, फळी ब्लीचने पुसून काढायची. आम्ही तेच करत होतो, तेवढ्यात त्याची गाडी दारात थांबली. गिरणीची करवत बिघडली म्हणून सगळ्यांना लवकर सोडलं होतं.

तो आत आला, पिशव्या बघितल्या आणि हसला. मावशी, माझ्या घरातलं जेवण चोरतेस, असं गोड आवाजात म्हणाला. मी त्याला स्वच्छ सांगितलं की या शेंगांत विष आहे, खाणारा मरेल. त्याने ऐकून घेतलं. मग पिशवीतून बरणी काढली आणि खिशातल्या चाकूने झाकण उचकटलं. फस्स करून पाणी उडालं, त्याच्या शर्टावर, टेबलावर.

"माझ्या आईने जन्मभर अशाच केल्या," तो म्हणाला. "खा गं."

ट्रेसाने ओठ घट्ट मिटले. त्याने उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं, पण तिने तोंड उघडलं नाही. मी ओरडले की ती मरेल, रॉइस, हे खरं विष आहे.

"बरं, मग आधी मी," तो म्हणाला. मूठभर शेंगा तोंडात कोंबल्या, सावकाश चावल्या, गिळल्या आणि जीभ बाहेर काढून रिकामं तोंड मला दाखवलं. "मेलो का? आता हिची पाळी."

त्याने तिचा प्लास्टरचा हात मागे पिरगाळला, तिला गुडघ्यावर पाडलं आणि जबडा बोटांनी दाबून उघडायला लागला. शेगडीवर तिच्या आजीचा बिडाचा तवा होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. त्याने वळून मला ढकललं ते थेट शेगडीवर. माझी बरगडी मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. तवा खाली पडला. तो माझ्यावर पाय उचलून उभा राहिला आणि मी डोळे मिटून घेतले.

पाय अंगावर आलाच नाही. डोळे उघडले तर ट्रेसाच्या धड हातात तवा होता आणि रॉइस गुडघा धरून जमिनीवर लोळत होता. तिने पुन्हा एकदा मारलं, त्याच गुडघ्यावर. मग तवा त्याच्या डोक्यावर उगारून उभी राहिली. खरं सांगते, घाल, असंच माझ्या मनात होतं. तिने तो हळूच शेगडीवर ठेवला, चूळ भरली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि पोलिसांना फोन केला.

शेरीफचा माणूस, म्हणजे आमच्याकडचा पोलीस, आला. याने खराब शेंगा खाल्ल्यात, याला आधी दवाखान्यात न्या, विषावरचं औषध लवकर दिलं तरच उपयोग होतो, असं मी बरगडी धरून त्याला सांगितलं. रॉइस म्हणाला, मला काही झालेलं नाही, म्हातारीचं डोकं फिरलंय. शेरीफचा माणूस म्हणाला, आमच्या आजीनेही घंगाळातच उकळल्या होत्या. रॉइसच्या गुडघ्याला पट्टी बांधून त्याला कोठडीत टाकलं.

मी तिथे फोन करून करून शिव्या घातल्या. रॉइसवर माया होती म्हणून नव्हे, तो मेला असता तर मी केक केला असता. पण शेंगांनी माणूस मरू नये म्हणून मी जन्म घालवलाय, त्यातून एकाला वगळायचं कसं? पुढे त्याच्या पापण्या गळाल्या, जीभ जड झाली, तर कोठडीवाल्यांना वाटलं कुणीतरी चोरून दारू दिली. पाणी नाकातून परत यायला लागलं तेव्हा कुठे त्याला नेलं. औषध दिलं, जीव वाचला, पण तोवर श्वास घ्यायचं बळ गेलं होतं. मशीन लावावं लागलं.

प्लास्टर निघाल्यावर ट्रेसाने मला दवाखान्यात सोडायला सांगितलं. मी तिला वेड्यात काढलं, तरी ती आलीच. रॉइसच्या गळ्यात नळी होती, पापण्या मिटलेल्या होत्या. त्याला सगळं ऐकू येतं आणि कळतं, फक्त बोट हलवता येत नाही, यातून उठायला कित्येक महिने लागतील, असं नर्सने सांगितलं.

ट्रेसाने खुर्ची पलंगाला अगदी चिकटवून घेतली आणि कोपरं गादीवर टेकून पुढे वाकली. साध्या आवाजात त्याला सांगितलं की कुकरला नवा काटा बसवलाय, कुकर आणि तवा मी घेऊन जातेय, कुठे ते सांगणार नाही, घराची किल्ली मालकाला दिलीय. तू उठून मला शोधायला येशील तेव्हा तू माझ्याजवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा कागद माझ्याकडे असेल.

त्याचा उजवा हात चादरीवर, तिच्या गालापासून वीतभर अंतरावर पडलेला होता. इतकी वर्षं तो हात नुसता हलला तरी ती खांदे आवळून घ्यायची, हे मी चर्चमध्येसुद्धा बघितलं होतं. मी सारखी त्या हाताकडेच बघत होते. तिने एकदाही बघितलं नाही.