पाच फूट अकरा इंच

माझं लग्न बास्केटबॉलमुळे झालं. मी जन्मात कधी चेंडूला हात लावलेला नाही, आणि माझा नवरा तर लांबून चेंडू येताना दिसला तरी डोळे मिटून घेतो. पण खरं ते खरं.

आमच्या शहरात जगभरातल्या खेळाडूंची मोठी स्पर्धा झाली होती. महिनाभर शहर नुसतं नाचत होतं. खेळाडूंना राहायला नव्या इमारती बांधल्या आणि ते गेल्यावर तिथली घरं सोडत काढून लोकांना दिली. माझ्या सासरच्यांना घर लागलं ते नेमकं बास्केटबॉलवाल्यांच्या इमारतीत. सासूबाई चार फूट दहा इंच, नवरा पाच फूट तीन आणि स्वयंपाकाचा ओटा सव्वाचार फूट. सासूबाई ओट्यावर हनुवटी टेकवू शकायच्या, भाजी चिरू शकायच्या नाहीत. दाराच्या कड्या आभाळाला टेकलेल्या. आरशात बघितलं तर समोरच्या भिंतीचा वरचा कोपरा दिसायचा, आणि माझा नवरा त्याच्यात बघून नऊ वर्षं दाढी करत आलाय. वाटपाच्या पत्रात कलम होतं की घरातली प्रत्येक वस्तू हा स्पर्धेचा वारसा आहे, एकीचीही उंची बदलली तर घर परत घेतलं जाईल.

शहाण्या माणसांनी अशा वेळी अर्ज-विनंत्या केल्या असत्या. आमच्या इमारतीतल्या लोकांनी उंच सुना शोधल्या.

मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी पर्समधून टेप काढला आणि मला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं.

"पाच अकरा!" त्या मुलाकडे, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

शिक्षण काय, आवड काय, कशाकशाची चौकशी नाही. शेवटी मीच निर्लज्जासारखी म्हणाले, "मी नकाशे काढते."

"छान. वरची कडी काढता येईल ना?" सासूबाईंनी विचारलं.

तेव्हापासून त्या घरातला प्रत्येक कप चहा मी केला. जिन्यात आम्ही सगळ्या सुना भेटलो की बाहेरच्यांना वाटायचं, संघ अजून इथेच उतरलाय. वारसा कार्यालय नावाचं एक कार्यालय आहे. त्यांच्या अहवालात एकदा छापून आलं की स्पर्धेमुळे या इमारतीतल्या बायकांची सरासरी उंची सात इंचांनी वाढली. आमचा फोटोही होता. मी मधोमध होते आणि माझा चेहरा चांगलाच आंबट आला होता.

यंदा मला पाणीपुरवठ्याच्या नकाशा विभागातून नोकरीचं पत्र आलं. एक तारखेला सकाळी सात वाजता हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पत्र वाचून मी रडले. आनंदानेच रडले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"मग स्वयंपाक?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही करा."

"अगं, मला पातेल्यातलं दिसत नाही!"

"स्टूल आहे ना."

त्याने आईकडे बोट दाखवलं. सासूबाई गेल्याच महिन्यात स्टुलावरून पडल्या होत्या. हात प्लास्टरमध्ये होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. मला त्यांचा इतका राग आला की मी त्या दिवशी मुद्दाम सगळ्या दारांच्या वरच्या कड्या लावल्या.

ओटा खाली घ्यायला परवानगी द्या, असा मी अर्ज केला. उत्तर आलं: 'ओट्याची उंची कमी करता येणार नाही. रहिवाशांनी आपली उंची वाढवण्याचे प्रयत्न सुरू ठेवावेत.'

उत्तरापाठोपाठ वारसा अधिकारीही आले. नवा अहवाल करायचा होता. साहेब स्वतः पाच फुटांना एक इंच कमी. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"वा! या घरात आल्यापासून किती वाढलात?"

"एक इंचही नाही. येतानाच एवढी होते."

साहेबांचं पेन थांबलं. "असं बोलू नका हो, बाई. सगळा अहवाल तुमच्यावर उभा आहे."

"साहेब, चहा घेणार ना?" सासूबाई मध्येच म्हणाल्या.

"घेईन की."

मी सवयीने उठले. सासूबाईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. "तू बस," त्या म्हणाल्या. मग कोणीच हललं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नवरा नखं बघत बसला. साहेबांनी तीनदा घसा खाकरला.

"चहाचं काय झालं?"

"होईल की," सासूबाई म्हणाल्या. "माझा हात मोडलाय. ह्याला दिसत नाही. आणि हिला एक तारखेपासून नोकरी आहे, तिला आम्ही आत्तापासूनच सवय लावतोय. तुम्हीच टाका ना. तुमचाच वारसा आहे."

साहेब इरेला पेटले. बाह्या सरसावून आत गेले. आधी भांडं पडल्याचा आवाज आला, मग स्टूल सरकल्याचा, मग आरोळी. बाहेर आले तेव्हा शर्टावर चहा होता आणि भुवईत चहाची पूड.

"हा ओटा कोणत्या गाढवाने बांधला?"

"कलमात लिहिलंय, वारसा आहे," नवरा म्हणाला. त्या एका वाक्यासाठी मी त्याला पुष्कळ माफ केलं.

साहेबांनी कलमाला जोडलेली वस्तूंची यादी मांडीवर घेतली आणि ओलं बोट एकेका ओळीवरून फिरवलं. ओटा होता, नळ होता, कपाटं, कड्या, आरसा, सगळं होतं. फरशी नव्हती. साहेबांनी तिथल्या तिथे लिहिलं: 'ओटा आहे तिथेच राहील. स्वयंपाकघराची जमीन दीड फूट वर घ्यावी.'

गवंडी आला. जमीन वर आली. सासूबाईंचं प्लास्टर निघालं. सगळं ठीक झालं, फक्त भिंतीवरची कपाटं आता बरोबर माझ्या भुवयांना लागायला लागली. पहिल्याच दिवशी टेंगूळ आलं.

एक तारखेला सकाळी सहाला मी तयार होऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. स्टूल नाही, काही नाही, नुसत्या उभ्या. चहा उकळत होता.

मी पाय उचलला तशा त्या ओरडल्या, "आत येऊ नकोस! डोकं आपटेल. तिथेच थांब, देते."

मी थांबले. नऊ वर्षं ज्या खोलीतून बाहेर पडता येत नव्हतं, त्या खोलीत आता मला जागा नव्हती. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

सासूबाईंनी कप भरला, साखरेचा डबा उघडला, चमचा हातात घेतला आणि तशाच थांबल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"तुला साखर किती लागते गं?"