रुक्मिणीची जबानी

तोंडवलीत रुक्मिणीचं बोलणं कळणारं माणूस एकच होतं, मथुरा. रुक्मिणी जन्मापासून मुकी-बहिरी. तिची आई वारली तेव्हा विधवा, निपुत्रिक मथुरेनं तिला आपल्या घरी आणलं. त्याला सहा वर्षं झाली होती; रुक्मिणी आता पंचविशीला आली होती. दोघींचं सगळं हातांनी चाले. मासळी, हवा, कुणाच्या घरचं भांडण. मथुरेशी तोंडानं बोलायला गावात फारसं कुणी नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे.

१९५८ साली रुक्मिणीच्या चुलतभावानं, सत्यवानानं, मालवणच्या कचेरीत अर्ज दिला. मुकीला समज नाही, म्हणून तिच्या आईचं खाडीकडचं बंद घर नि माडांची बाग आपल्या नावावर करावी, असा. मथुरा मालवणच्या परशुराम वकिलांकडे गेली. त्यांनी काम घेतलं आणि बजावलं, "साहेब इचारतले, हिका कोण सांभाळतलो? तेव्हा 'माझ्याकडे रवतली' म्हणान सांगा. तेच्यावरच सगळा आसा."

तारखेला दोघी होडीनं खाडी ओलांडून गेल्या. मामलेदारांनी मथुरेला शपथ दिली. रुक्मिणी सांगेल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

"बागेत माड किती, विचारा."

रुक्मिणीनं बोटांनी एकेचाळीस दाखवले. कुठला वादळात पडला, शेजाऱ्याचं कुंपण कुठे आत सरकलं, विहीर कधी आटते, तेही दाखवलं. सत्यवानाला हेच आधी विचारलं होतं; त्याला माडांचा आकडा सांगता आला नव्हता.

"हिला सांभाळणार कोण?"

मथुरेनं खुणेनं विचारलं. रुक्मिणीनं वेळ घेतला. मग आईची नि घराची खूण केली, कमरेला किल्ली खोचल्याची केली, चूल फुंकल्याची केली, आणि मथुरेकडे न बघता एक बोट उभं धरलं.

त्या खोलीत ते दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं. मथुरेनं एकदा वकिलांकडे पाहिलं.

"काय म्हणते ती?"

"साहेब, ती म्हणता, माका आवशीच्या घरात रवाचा आसा. एकटीक. चूल माझी, चावी माझी."

आईच्या घरी एकटीनं राहणार, हे ऐकून वकिलांनी कपाळाला हात लावला. मामलेदारांनी लिहून घेतलेला माडांचा आकडा पुन्हा पाहिला. "हिला समज नाही, असं मला दिसत नाही," म्हणाले, आणि घर-बाग तिच्याच नावावर ठेवली.

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "तुमी ह्या काय केलास? फिसकाटला असता."

"तिना जा सांगल्यान, ता मी सांगलंय," मथुरा म्हणाली.

परतताना होडीत रुक्मिणीनं तिच्या कोपराला हात लावला. मथुरा पाण्याकडे बघत राहिली. सहा वर्षांत हे आपल्याला कधी कळलं कसं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

चार दिवसांनी तिनं स्वतःच रुक्मिणीची भांडी खाडीकडच्या घरी पोचवली. मथुरेचं घर आधीही निःशब्दच होतं. आता हातही गप्प झाले.

शिमग्याच्या सुमाराला ती मासळी घ्यायला किनाऱ्यावर गेली. सुगंधा मासेवाली रुक्मिणीशी बोटांनी भाव करत होती. निम्म्या खुणा चुकत होत्या आणि रुक्मिणी हसून त्या सुधारत होती. मथुरा मदतीला पुढे झाली, मग थांबली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

रुक्मिणीची नजर तिच्याकडे गेली. तिनं खूण केली, जेवायला ये.

मथुरेनं हात उचलला. उद्या, म्हणाली, आणि वाळूवरून घराकडे चालू लागली.